हाऊसफुल्लची पाटी

आफशीन तिकिटाच्या खिडकीत बसली होती खरी, पण जीव तिचा एका पत्र्याच्या खोलीत अडकला होता. मोबाईलमधल्या. बाहेर दोघं बंदुका रोखून बसलेले, हिच्याकडं गोळ्या संपत आलेल्या, दोन्ही अंगठे घामानं चिकचिकीत. तेवढ्यात कुणीतरी खिडकीच्या जाळीवर किल्ली वाजवली.

"ओ ताई, दोन बाल्कनी द्या."

"एक मिनिट हं पावणं," मान वर न करताच ती म्हणाली.

पावणा उचगावकडनं बायकोला गाडीवर घेऊन आलेला. बायकोनं ठेवणीतली साडी नेसलेली, केसात गजरा. म्हणजे सकाळपासनं ठरवून आलेली माणसं. पावणा थांबला. घड्याळ बघितलं. परत किल्ली वाजवली.

"झालं का ओ?"

"थांबा की! मरालोय मी हितं!"

आणि मेलीच. पाठीत गोळी बसली, स्क्रीन लाल झाली. मोबाईल टेबलावर आपटून तिनं वर बघितलं तर जाळीपलीकडं नुसतं ऊन. पावणा गाडीला किक मारत होता, मागं बायको पदर सावरत होती.

"ओ पावणं! ओ! या की, देतो की तिकीट!"

गाडी निघून गेली. आफशीननं मान वळवली तर जिन्याच्या खालच्या पायरीवर तिचा बाप उभा. लालासाब, गिरिजा टॉकीजचा ऑपरेटर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंगवा, आणि तोंडावर असा भाव की जणू कुणीतरी त्याच्या डोळ्यादेखत घर फोडलं.

"गेलं?"

"कोण?"

"गिऱ्हाईक."

"जाऊ दे की. दोनच तर होती."

"दोनच?" लालासाबचा आवाज चिरकला. "सगळ्या शोला दोन आल्ती. ती दोनच आल्ती! मोबाईलनं थेटर खाल्लं, मोबाईलनं थेटर खाल्लं म्हणून मी गावभर बोंबलतोय, आनि चोर माझ्याच खिडकीत बसलाय व्हय?"

चूक आपली हे आफशीनला कळत होतं, म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरलं. तिचं तसंच होतं. नववीत गणिताच्या बाईंनी चूक दाखवली म्हणून वही खिडकीतनं फेकून घरी आली ती परत शाळेत गेलीच नाही.

"मोबाईलनं न्हाई खाल्लं आब्बा. ढेकणांनी खाल्लं. बाल्कनीतलं माणूस पिक्चर कमी बघतंय आनि खाजवतंय जास्त. पंखा लावला तर डायलॉग ऐकू येत न्हाई, बंद केला तर जीव गुदमरतोय. बायकांच्या संडासाला कडी न्हाई. कोण येणार वो? मी सुदिक आलो नसतो."

"पूर्वी ढेकणं नव्हती व्हय? पूर्वी बी हुती! पेठ वडगावच्या बाजारातनं माणसं यष्टीला लोंबकळत यायची. इचलकरंजीची यंत्रमागावरची पोरं सुट्टीच्या दिवशी कानात कापूस तसाच घेऊन यायची. ढेकणं चावायची तरी शिट्ट्या मारायची!"

"तवा त्यांच्याकडं दुसरं काय नव्हतं, म्हणून."

लालासाबनं नुसता हात झटकला. त्यालाही तेच म्हणायचं होतं: आता त्यांच्याकडं मोबाईल आहे.

हे भांडण रोजचं होतं. त्या दिवशी ते तिथंच मिटलं असतं, पण तेवढ्यात मालकांची गाडी फाटकात शिरली. सोमशेखर अण्णा. कपाळाला विभूती, पायात करकरणारी चप्पल. धंदा गुळाचा, थेटर वडलांपासनं चालत आलेलं. वडील गुरुसिद्धप्पा लई हौशी. त्यांनी एक रीत घालून दिलेली: शुक्रवारी नवीन पिक्चर लागला की पहिल्या शोला पडद्याखाली नारळ फोडायचा, आणि एकदा नारळ फुटला की तो शो मोडायचा नाही. इतर दिवशी पब्लिक नसलं की शो कॅन्सल. पण नारळाचा शो, आत कुत्रं जरी बसलं असलं तरी 'समाप्त'च्या पाटीपर्यंत चालवायचा. लालासाबनं ती रीत नमाजासारखी पाळलेली.

अण्णांच्या मागं त्यांचा पोरगा मृत्युंजय उतरला, आणि त्याच्या मागं हातात मोजायच्या फितीचा डबा घेतलेला एक माणूस. तो सरळ आत गेला आणि खुर्च्यांच्या रांगा मोजायला लागला. आफशीन खिडकीतनं वाकून बघायला लागली.

"लालासाब," अण्णा खांबाला टेकून म्हणाले, "बस की जरा."

"उभाच बरा हाय अण्णा."

"बघ बाबा. आता ओढत न्हाई माझ्यानं. पुढच्या म्हैन्यापासनं पिक्चर बंद. मृत्युंजय म्हणतोय हितं गोडाऊन काढू. तुझं काय नुकसान करत न्हाई मी. गोडाऊनला राखणदार लागंलच की."

लालासाबनं खिशातला कंगवा काढला, केसांवरनं फिरवला, परत ठेवला. असलेले केस चार. पण हात कुठंतरी गेला पाहिजे ना.

"आनि पडदा?" त्यानं विचारलं.

"पडद्याचं काय? उतरवायचा."

पडद्यामागं दोन खोल्या होत्या. त्यात लालासाब, रशिदा आणि आफशीन राहायची. आफशीनचा जन्म तिथलाच. लहानपणी ती पडद्याच्या मागनं पिक्चर बघायची, उलटा. हिरो डाव्या हातानं मारायचा. बाकी गावाला तो उजव्या हातानं मारतोय हे तिला शाळेत गेल्यावर कळलं.

"अण्णा!" ती खिडकीतनं बाहेर आली. "भरून दाखवलं तर?"

मृत्युंजय हसला. "काय भरून दाखवतीस? पाण्याची टाकी?"

"थेटर! हाऊसफुल्ल! शुक्रवारी कुस्तीचा नवा पिक्चर लागतोय, पहिला शो. पाटी लावून दाखवतो मी!"

"आफशी, गप," लालासाब म्हणाला.

"तुमी गप बसा आब्बा!"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. चेष्टा नव्हती त्यांच्या डोळ्यांत. थकवा होता. "पोरी, म्या शेवटची पाटी कवा बघितली ते आठवतबी न्हाई. तू भरून दाखव. माणसं हितं बसून पिक्चर बघायला तयार हायत एवढं माझ्या डोळ्याला दिसू दे. मग हा फितीवाला परत हितं येत न्हाई. बसवाची शपथ."

शब्द मिळाला. गाडी गेली. आफशीनला आनंदानं उडी मारावीशी वाटली. तिनं वळून बघितलं तर बाप जागेवर नव्हता.

त्या दिवसापासनं लालासाब जेवायचा बंद झाला. रशिदानं ताट पुढं केलं की एक घास मोडायचा, आणि उठून पडद्यामागच्या अंधारात जाऊन बसायचा.

"तुझा आब्बा पडद्यासंगट बोलालाय," रशिदा पोरीला म्हणाली. डोळे पुसत होती आणि भाकरी थापत होती, दोन्ही एकदम. "मी कानानं ऐकलं. म्हणालाय, तुला मशीन लावून पुसू का कापडानं पुसू? कापडाला विचारालाय गं! गोडाऊनच्या दारात बसवला ह्याला तर वर्षभर टिकत न्हाई. तू कायबी कर आफशी. कायबी कर."

कायबी म्हणजे काय, ते आफशीनच्या डोक्यात शिजतच होतं. ती मामेभाऊ कामिलकडं गेली. कामिल गॅरेजात काम करायचा आणि उरलेल्या वेळात उंबर तालमीच्या टीमकडनं मोबाईलवर तोच बंदुकांचा गेम खेळायचा. उंबर तालीम आणि चुनेवाडी तालीम, दोन्हींच्या टीमा होत्या. पूर्वी ही तालमीची पोरं लाल मातीत भिडायची, मग फुटबॉलच्या मैदानावर भिडायला लागली, आता मोबाईलवर. हत्यार बदललं, खुन्नस तीच. कोल्हापुरात माणूस जेवणाशिवाय दोन दिवस काढंल, ईर्षेशिवाय एक दिवस नाही काढायचा.

"उंबर विरुद्ध चुनेवाडी," आफशीन म्हणाली. "गिरिजाच्या पडद्यावर. एवढा मोठा गेम आख्ख्या जिल्ह्यात कुणी बघितला नसंल. बोटभर माणूस दिसतोय मोबाईलमधी, हितं दोन मजली दिसंल."

कामिल पाना टाकून उभाच राहिला. "नाद खुळा! आनि तिकीट?"

"पिक्चरचंच तिकीट. त्याच तिकिटावर आधी मॅच, मग पिक्चर. कुस्तीचा पिक्चर हाय, तालमीची पोरं हायत. बसतीलच की."

"बसतील?"

"फुकट थोडंच सोडून जातील? तिकीट काढलेलं असतंय."

संध्याकाळी तिनं बापाला सांगितलं. लालासाब पडद्याच्या मागं पालथ्या डब्यावर बसलेला. ऐकता ऐकता त्यानं पडद्याची एक उसवलेली शिवण बोटानं दाबली.

"म्हणजे ज्यानं घर लुटलं त्याला जेवायला बोलवायचं," तो शेवटी म्हणाला.

"जेवायला न्हाई. भांडी घासायला बोलवालोय. त्याच्याच पब्लिकनं आपली पाटी लावायची. मशीनला लॅपटॉप जोडता येतोय का न्हाई तेवढं सांगा."

"येतोय. किरकेटची फायनल लावलेली की मागं." तो डब्यावरनं पुढं सरकला. "मॅच इंटरव्हलला ठेव."

"काय?"

"अर्धा पिक्चर आधी. इंटरव्हलला मॅच. मग उरलेला पिक्चर. इंटरव्हलला गेलेलं माणूस परत येतंय आफशी. भजी खातंय, बिडी ओढतंय, पण बेल वाजली की परत येतंय. आयुष्यभर बघितलंय म्या वरनं."

आफशीनला घाई होती. पोस्टर अजून लिहायचं होतं. "आब्बा, तुमास्नी गेममधलं काय कळतंय? अर्धा पिक्चर होईस्तवर कोण थांबणार? सगळी इंटरव्हललाच टपकतील, आनि अण्णा पहिल्या घटकेला रिकाम्या खुर्च्या बघून निघून जातील. मॅच आधीच पायजे!"

"मला आपलं वाटलं."

"तुमच्या वाटण्यानंच ही वेळ आलीया!"

बोलून गेली. लालासाबनं मान खाली घातली. मग उठला आणि म्हणाला, "बरं. लावतो. तुझ्यासाठी लावतो."

पोस्टर आफशीननंच लिहिलं, जाड मार्करनं: 'उंबर वि. चुनेवाडी! आख्ख्या पडद्यावर! जाळ आणि धूर संगटच!' आणि खाली बारीक अक्षरात, 'त्यानंतर कुस्तीचा नवा पिक्चर.' एक कागद उंबर तालमीच्या फळ्यावर चिकटवला. चुनेवाडीच्या फळ्यावर चिकटवायला गेली तेव्हा त्यांचा कॅप्टन राजवीर बाहेरच बसलेला.

"उंबरवाल्यांनी तिकिटं काढली का?" त्यानं विचारलं.

"त्यांनी सगळी बाल्कनी मागितलीया," आफशीननं ठोकून दिलं. "म्हणालेत, चुनेवाडीची पोरं खालीच बसू देत, त्यास्नी वरचं सोसत न्हाई."

राजवीरचे कान लाल झाले. "बाल्कनी अर्धी आमची! लिही आत्ताच्या आत्ता!"

तिथनं ती परत उंबरला गेली आणि हीच थाप उलटी मारली. गुरुवारी संध्याकाळी खिडकीवर धक्काबुक्की सुरू झाली. लालासाब वरनं, केबिनच्या झरोक्यातनं बघत होता. खिडकीवर रांग. त्यानं डोळे चोळून परत बघितलं.

शुक्रवारी दुपारी बाराच्या शोला गिरिजा टॉकीजच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. हलगीवाले आलेले. गाड्या रस्त्यापर्यंत गेलेल्या. भजीवाल्या बयाबाईनं दोन वेळा पीठ भिजवलं आणि तिसऱ्यांदा पोराला बेसनाला पिटाळलं. "आगं आफशे," ती कढईवरनं ओरडली, "कुणाचं लगीन हाय का काय थेटरात?"

आत शेवटचं तिकीट फाडल्यावर आफशीन धावत जिन्याखाली गेली. तिथं जुन्या पोस्टरच्या ढिगामागं पाटी ठेवलेली. लोखंडी, लाल, पांढरी अक्षरं. लालासाब आधीच तिथं होता. पाटीच्या मागच्या बाजूला गांधीलमाशीनं मातीचं घर केलेलं. ते त्यानं नखानं खरवडलं, शर्टाच्या बाहीनं अक्षरं पुसली. इस्त्रीच्या शर्टाच्या! मग टाचा उंचावून पाटी फाटकावरच्या खिळ्याला अडकवली. हाऊसफुल्ल. दोन पावलं मागं येऊन बघितलं. आणि कितीतरी दिवसांनी आफशीनला म्हणाला, "भूक लागलीया गं."

"शो सुटला की बसूया आब्बा. तिघं मिळून."

अण्णा आले, मृत्युंजय आला. पाटी बघून अण्णा फाटकातच थबकले. आतली गर्दी बघून त्यांनी करकरणारी चप्पल दारातच काढली. वाट काढत ते पडद्यापर्यंत गेले, नारळ फोडला, पाणी पडद्याच्या कडेला शिंपडलं. पोरांनी शिट्ट्यांनी छत डोक्यावर घेतलं. अण्णा पहिल्या रांगेत बसले, एका बाजूला मृत्युंजय.

आणि मॅच सुरू झाली.

जे झालं ते बघण्यासारखंच होतं, त्यात खोटं नाही. चार चार पोरं दोन्ही बाजूला मोबाईल घेऊन बसलेली, आणि पडद्यावर ते गवत, ती घरं, धूर. एक गोळी सुटली की आख्खं थेटर हलायचं. पंख्याची घरघर कुणाला ऐकू आली नाही. ढेकूण कुणाला चावले नाहीत. उंबरच्या कामिलनं छपरावरनं पहिला गडी टिपला तशी बाल्कनीतनं चिल्लर उडाली. पूर्वी हिरोच्या एंट्रीला उडायची तशीच, पडद्यावर आपटून खणखण खाली पडली. कागदाचे कपटे उडाले. अण्णा मागं वळून वळून बघत होते. आफशीन दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि मनात एकच: बघा अण्णा, बघा, डोळे भरून बघा.

शेवटाला दोघंच उरले. कामिल आणि राजवीर. आवाज असा थांबला की बाहेरची बयाबाईची कढई ऐकू आली. मग एक गोळी. राजवीरचा माणूस गुडघ्यावर आला, पडला.

उंबर जिंकली.

छत उडायचंच बाकी होतं. आफशीन पण ओरडली, भान विसरून. आणि ओरडता ओरडता तिला दिसलं. मधल्या रांगेतल्या एका पोरानं शर्टाच्या आतनं प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवी गुलालाची होती.

तिनं वर केलेला हात खाली घेतला.

कोल्हापुरात जन्मलेली पोरगी. तालमी जिंकल्या की काय होतं ते तिला कुणी सांगायला पाहिजे होतं का? जिंकणारा जागेवर बसत नाही. गुलाल उधळत, हलगीवर नाचत तालमीपर्यंत जातो. आणि हरणारा समोर उभाही राहत नाही, मागच्या दारानं निघतो. फुटबॉलच्या मैदानावर तिनं हेच शंभरदा बघितलेलं. पण पाटीच्या नादात हे एक तिच्या डोक्यातनं साफ निसटलं.

"ए! ए, बसा!" ती आत धावली. "पिक्चर हाय की! आता पिक्चर लागतोय! कुस्तीचा हाय!"

कामिलला चौघांनी खांद्यावर उचललेलं. गुलालात त्याचे डोळे तेवढे दिसत होते. आफशीननं त्याचा पाय धरला.

"कामिल, त्यास्नी बसीव! तू सांग, तुझं ऐकतील!"

"मिरवणूक झाली की आलोच आफशी!" तो वरनं ओरडला. "तालमीत देवाला नारळ द्यायचाय! चल की तूबी!"

"पिक्चर संपंल तवर!"

"रातच्याला बघू!"

लोंढा दाराकडं निघाला. आफशीन दारात आडवी झाली, दोन्ही हात चौकटीला लावून. "कुणीबी जायचं न्हाई! तिकीट काढलंय तुमी! आरं अर्धा तास तरी बसा, अण्णा बघालेत, आरं माझा बाप—" हलगी कानाशी कडाडली. कुणीतरी तिला अलगद उचलून बाजूला ठेवलं, खुर्ची ठेवतात तसं. तोंडावर मूठभर गुलाल बसला. चुनेवाडीवाले मागच्या दारानं चाललेले. ती तिकडं धावली.

"राजवीर! तू तरी थांब! तुमच्या तालमीनं पैलवान घडवले म्हणतोस ना? पैलवानाचाच पिक्चर हाय!"

राजवीरनं तिच्याकडं बघितलंही नाही. "बाहेर गुलाल उधळालेत आनि मी हितं पिक्चर बघू? लोक थुकतील माझ्या तोंडावर. सर बाजूला."

"हात जोडतो राजवीर."

तो गेला. दार आपटलं. हलगीचा आवाज रस्त्यावर गेला, कोपऱ्यावर वळला, बारीक झाला.

थेटरात अण्णा, मृत्युंजय आणि आफशीन. जमिनीवर कपटे, चिल्लर, गुलाल. पंख्याची घरघर परत ऐकू यायला लागली.

वरनं झरोक्यातनं लालासाबचा आवाज आला. "अण्णा, लावू का?"

अण्णांनी मान वर केली. "नारळ फुटलाय लालासाब. लाव."

पडद्यावर पिक्चर सुरू झाला. पहाटेचा आखाडा, मातीत तेल-ताक ओतणारी माणसं. आवाज रिकाम्या खुर्च्यांवर आदळून दुप्पट मोठा यायला लागला. आफशीन अण्णांच्या पुढ्यात जाऊन बसली, जमिनीवर, त्यांच्या पायाशी.

"अण्णा, गेमनं न्हाई गेली ती. गुलालानं गेली. चुकलं माझं, मॅच इंटरव्हलला ठेवायला पायजे हुती. आब्बा म्हणालते. पुढच्या शुक्रवारी ठेवतो. बघा, एक माणूस हालत न्हाई. एक शुक्रवार द्या अण्णा. एकच."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला गुलाल लागला, तो त्यांनी धोतराला पुसला.

"कशानंबी जाऊ देत पोरी. गेली न्हवं?"

"पण आलती की! बघितलं की तुमी! पाटी लागली की!"

"बघितलं. शपथ घेतलेली म्या, माणसं हितं पिक्चर बघायला बसतात हे दिसलं तर म्हणून. पिक्चर बघायला कोण बसलंय गं? मी आनि तू." त्यांनी मागच्या खुर्च्यांवर नजर फिरवली. "पण एक दाखवलंस. हितं माणूस येतंय. गोडाऊन काढायची गरज न्हाई."

आफशीनच्या जिवात जीव येतोय न येतोय तोच मृत्युंजय पुढं वाकला. त्याचे डोळे लकाकत होते. "पप्पा, गोडाऊन कशाला? हेच करू. खुर्च्या काढून टेबलं, बारकी बारकी मशीनं, मधी एक मोठा टीव्ही. गेमिंग झोन! रोज भरंल. आफशीन, तू बसशील ना काउंटरला? तुला तर सगळं कळतंय त्यातलं."

"आनि पडदा?" तिनं विचारलं. बापानं विचारलेलं तेच.

"टीव्ही आल्यावर पडदा कशाला?"

"आनि आब्बा?"

मृत्युंजयनं वडलांकडं बघितलं. वडलांनी पडद्याकडं. "बघू की लालासाबचं," ते म्हणाले. "गेटवर माणूस लागंलच." मग उठले, पडद्यासमोर जाऊन वाकून हात टेकला, तो छातीला लावला, आणि पोराच्या खांद्याला धरून बाहेर पडले.

आफशीन जिना चढून केबिनमध्ये गेली. लालासाब झरोक्याला डोळा लावून उभा होता. शर्टाची एक बाही लाल झालेली, पाटी पुसलेली ती.

"आब्बा."

"ऐकलं म्या. रिकाम्या थेटरात लई लांबचं ऐकू येतंय."

"आब्बा, तुमचं ऐकलं असतं तर..."

"चांगला काढलाय गं पिक्चर," तो म्हणाला. डोळा झरोक्यावरनं हलवला नाही. "पोरगं नवीन हाय, पण मातीत उभं राहायची ढब बरोबर हाय. जा, खाली जाऊन बस. नारळाचा शो हाय. एक तरी माणूस पायजे."

"मी हितंच बसतो तुमच्याजवळ."

"हितं न्हाई. पब्लिकमधी बस."

ती खाली गेली. मधल्या रांगेत बसली. एवढ्या वर्षांत तिनं तिकीट असलेल्या जागेवर बसून पिक्चर कधी बघितलाच नव्हता, कायम पडद्यामागनं नाहीतर दारातनं. समोर पैलवान शड्डू ठोकत होता आणि तिला काही दिसत नव्हतं. डोळ्यांत पाणी आणि गुलाल मिसळून चिखल झालेला. मोबाईल खिशात थरथरत होता. कामिलनं मिरवणुकीचे फोटो पाठवले असणार. तिनं तो बंद करून टाकला.

इंटरव्हल झाला. लाईटी लागल्या. सगळ्या लागल्या, बाल्कनीच्यासुद्धा. रिकामं थेटर उजेडात अंधारापेक्षा भेसूर दिसत होतं. आफशीन उठली आणि बाहेर आली. आवारात चपला पडलेल्या, गुलालाचा सडा. बयाबाईची कढई गार झालेली, भजांची ताटं भरलेली.

"कुठं गेली गं सगळी?" बयाबाईनं विचारलं. "तळून ठेवलंय मी हे."

आफशीन फाटकाकडं वळली. फाटकावर हाऊसफुल्लची पाटी वाऱ्यानं खिळ्यावर खटखट करत होती. काढावी म्हणून तिनं हात वर केला. पोचला नाही.

तेवढ्यात आत बेल वाजली. लांबलचक. बाहेर गेलेल्या माणसांनी आत यावं म्हणून वाजवतात ती. वर केबिनमध्ये एक माणूस बटणावर बोट दाबून उभा होता, आणि बोट काढतच नव्हता.

आफशीननं बयाबाईच्या ताटातलं एक गार भजं उचललं, पळत आत गेली, आणि वरच्या झरोक्यातनं दिसंल अशा जागी, मधोमध, जाऊन बसली.

बेल थांबली.